20 वर्षांची टर्बो कार भंगारात काढावीच लागते का?

नाही. यवतमाळच्या एमएच-29 पासिंगची 2004 ची ऑक्टाव्हिया व्हीआरएस असली, तरी आरटीओत तपासणी करून नोंदणी 5 वर्षांसाठी वाढवता येते. मात्र ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या कारसाठी ही फी 5 हजारांवरून 10 हजार रुपये झाली आहे. पर्यावरण कर वेगळा.

पण खरी अडचण पंपावर आहे. ही कार बनली तेव्हा ई20 पेट्रोल नव्हतं. जुन्या गाड्यांचे काही रबरी पार्ट आणि गॅस्केट 20 ते 30 हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानंच म्हटलंय. मंत्रालयाच्या मते हा खर्च किरकोळ आहे. पण बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट शोधणं किरकोळ नसतं.

म्हणून अशी कार घेताना आधी आरसीची मुदत आणि पेट्रोलचे पाइप तपासा, किंमत नंतर ठरवा.