टपालहशील निराळे

जुन्या मराठी नियतकालिकांतील जाहिरातींत किमतीच्या शेजारी दोन शब्द हमखास आढळत : ‘टपालहशील निराळे’. ग्रंथ असो, औषध असो वा अत्तर, वस्तूचे मोल एवढे आणि ती घरी पोहोचविण्याचा खर्च याहून वेगळा, हे ग्राहकास मागणीपत्र लिहिण्यापूर्वीच ठाऊक असे. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही. पी.ची सोय सुरू केली आणि गावोगावचा ग्राहक पोस्टमनच्या हाती पैसे देऊन दूरच्या शहरातील माल सोडवून घेऊ लागला. विक्रेता व ग्राहक एकमेकांस कधीही भेटत नसत. तरी व्यवहार चाले, कारण आकड्यात लपवाछपवी नव्हती.

आज तोच व्यवहार मोबाइलवर आला आहे. बुलढाणा जिल्ह्यातील व्यापारी घराण्यांना तो विशेष उपयोगाचा आहे. जिल्ह्याचे मुख्यालय अद्याप रेल्वेवाचून आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे मात्र मुंबई–हावडा लोहमार्गावर वसलेली. खामगावच्या कापसासाठी जलंबपासून लोहमार्गाचा खास फाटा १८७० मध्येच आला. माल निपजतो एकीकडे, गिऱ्हाईक दुसरीकडे आणि मधल्या वाहतुकीचा भार कोणी सोसायचा, हा प्रश्न या मुलखास नवा नाही. पूर्वी तो कापसाच्या गाठींचा होता. आता खामगावची चांदीची भांडी, घरच्या स्त्रियांनी केलेले पापड, खाखरा, मुखवास यांच्या लहान पुडक्यांचा आहे.

पुडके लहान असले तरी त्याचा हिशेब लहान नसतो. टपालखर्च कमी लावला तर नफा त्यातच विरून जातो. अधिक लावला तर ग्राहक पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत येऊन परत फिरतो, आणि पुन्हा त्या दुकानाकडे वळत नाही. म्हणून हा आकडा अंदाजाने न ठरविता काट्यावर ठरवावा.

उदाहरणादाखल २०० ग्रॅम मुखवास घेऊ. तो जाड पिशवीत व पाकिटात बांधला, तर एकूण वजन २३० ग्रॅमच्या आसपास राहते. तोच काचेच्या बरणीत भरून खोक्यात ठेवला, तर वजन ४०० ग्रॅमच्या पुढे जाते. ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या स्पीड पोस्टच्या दरांत ५१ ते २५० ग्रॅम हा एक टप्पा आणि २५१ ते ५०० ग्रॅम हा दुसरा. खामगावहून पिशवी पाठवावयाची, तर २०० किलोमीटरच्या आतील अकोल्यास ५९ रुपये, २०१ ते ५०० किलोमीटरच्या टप्प्यातील नागपूरला ६३ रुपये आणि १००१ ते २००० किलोमीटरच्या टप्प्यातील कोचीला ७२ रुपये पडतात. बरणीसाठी हेच आकडे ७०, ७५ व ८६ होतात. यांवर १८ टक्के जीएसटी निराळा. म्हणजे कोचीची पिशवी ८४ रुपये ९६ पैशांत जाते, तर बरणी १०१ रुपये ४८ पैशांत. मुखवास तेवढाच, चवही तीच. फरक केवळ बांधणीचा. हा फरक ग्राहकाच्या माथी मारण्यापूर्वी बरणीची खरोखर गरज आहे काय, हे दुकानदाराने स्वतःस विचारावे.

हलक्या पण जागा व्यापणाऱ्या मालाची गोष्ट याहून वेगळी. कुरिअर कंपन्या प्रत्यक्ष वजन आणि आकारमानावरून काढलेले वजन यांपैकी जे अधिक, त्याचे पैसे घेतात. खोक्याची लांबी, रुंदी व उंची सेंटीमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि सामान्यतः ५००० ने भागावे. उत्तर किलोग्रॅममध्ये येते. काही कंपन्यांचा भाजक निराळा असतो, तो आधी विचारून घ्यावा. एक किलो खाखरा ३० × २५ × २० सेंटीमीटरच्या खोक्यात घातला, तर गुणाकार १५,००० होतो आणि आकारणी तीन किलोंची होते. दोन किलो निव्वळ हवेचे पैसे ग्राहकाने का द्यावेत? मापाचा खोका वापरल्यास फुटतूटही कमी होते आणि खर्चही.

यानंतरचा प्रश्न न्यायाचा आहे : सर्वांस एकच दर लावावा की अंतरानुसार वेगवेगळा? टपाल खात्याच्या इतिहासात दोन्ही पद्धती आहेत. १८५४ पूर्वी पत्राचे हशील वजन व अंतर या दोहोंवर ठरे. कोलकात्याहून मुंबईस एक तोळा वजनाच्या पत्रास एक रुपया पडे. १८५४ मध्ये अंतराची अट गेली आणि पाव तोळ्याच्या पत्रास देशभर अर्धा आणा हा एकच दर आला. जवळच्या पत्राने दूरच्या पत्राचा भार थोडा उचलला, आणि त्यातूनच सामान्य माणूस पत्र लिहू लागला. म्हणजे एकच दर हा अन्याय नव्हे. तो प्रामाणिक सरासरीवर आधारलेला मात्र हवा.

ही सरासरी स्वतःच्या वहीतून काढता येते. समजा, दहा पिशव्यांपैकी तीन अकोल्याच्या टप्प्यात, पाच नागपूरच्या आणि दोन कोचीच्या टप्प्यात गेल्या. करासह एकूण खर्च ७५० रुपये ४८ पैसे, म्हणजे सरासरी ७५ रुपये. पाकीट, चिकटपट्टी, कागद यांचे दहा रुपये धरले, तर ८५ रुपये हा सर्वांसाठी रास्त दर ठरतो. दर तीन महिन्यांनी वही पुन्हा पाहावी. जमा टपालखर्च प्रत्यक्ष खर्चाहून सतत अधिक राहात असेल, तर दर उतरवावा. कमी पडत असेल, तर सरळ वाढवावा. नोंदणीकृत व्यापाऱ्यास टपालावरील कराची वजावट मिळत असेल, तर तो कर पुन्हा खर्चात धरू नये. एकाच ग्राहकाने तीन पिशव्या मागविल्या आणि त्या एकाच खोक्यात गेल्या, तर खर्च त्या खोक्याचाच घ्यावा. तीनदा ८५ घेणे म्हणजे न केलेल्या कामाचे दाम घेणे.

चांदीच्या बाबतीत खर्चाची रचना बदलते. अनेक कुरिअर कंपन्या मौल्यवान धातू स्वीकारतच नाहीत. जेथे स्वीकारले जातात, तेथे विमा उतरविणे शहाणपणाचे. विम्याची रक्कम खरा खर्च आहे, तो बिलात उघड दाखवावा. कराचा नियमही ध्यानात असावा : वस्तूबरोबर आकारलेला बांधणीचा व वाहतुकीचा खर्च वस्तूच्या मूल्यात धरला जातो आणि त्यावर वस्तूच्याच दराने जीएसटी लागतो. चांदीच्या भांड्यावर ३ टक्के, तर ते पाठविण्याच्या आकारावरही ३ टक्के.

‘घरपोच मोफत’ हा शब्द मोहक आहे, पण टपाल कोणासाठीच मोफत नसते. तो खर्च किमतीत मिळविला असेल, तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते वस्तू स्वस्त दाखवून शेवटच्या पायरीवर आकार वाढविणे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात सांगून तिची फोडही द्यावयाची असते. त्या फोडीत घरपोच सेवा, टपाल व हाताळणी यांचे आकार येतात. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तर किमतीचे घटक आधी दडवून मागाहून पुढे आणण्याच्या प्रकारास ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांत गणले आहे.

नाकारून परत आलेल्या पार्सलांचा खर्च ही खरी दुखरी जागा. माल हाती आल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत काही ग्राहक माल घेतच नाहीत, आणि जाण्यायेण्याचा दुहेरी भुर्दंड दुकानावर पडतो. तो ‘टपालखर्च’ या नावाखाली इतर ग्राहकांवर वाटून टाकण्याचा मोह होतो. त्यापेक्षा केवळ टपालापुरती रक्कम आगाऊ घ्यावी आणि तसे आधीच लिहून ठेवावे. ज्याला माल खरोखर हवा आहे, तो तेवढी रक्कम देण्यास कचरत नाही.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रतास जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमीअधिक ठेवणे, हा एक आहे. पूर्वी ते माप दुकानातील तराजूत असे आणि गिऱ्हाईक समोर उभे राहून काटा पाही. आता पुडके दुकानाच्या मागच्या खोलीत तोलले जाते आणि ग्राहक शेकडो कोस दूर असतो. म्हणून मापाची जबाबदारी कमी होत नाही, उलट सगळी तोलणाऱ्यावर येते.

बाजार समितीच्या पट्टीत हमाली निराळी, तोलाई निराळी आणि मालाचा भाव निराळा लिहिण्याची रीत या जिल्ह्यातील व्यापाऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तीच रीत ऑनलाइन बिलात आणावी : वस्तू एवढी, बांधणी एवढी, टपाल एवढे. पोस्टाची पावती ग्राहकाने मागितली, तर ती बिलाशी जुळली पाहिजे, अथवा बिल कोणत्या सरासरीवर बेतले आहे ते दोन वाक्यांत सांगता आले पाहिजे. ज्या दुकानास हे न अडखळता सांगता येते, त्याने लावलेला टपालखर्च रास्त समजावा.