समुद्रात पोहणे आणि विम्याचा कागद

ब्रिटनच्या किनाऱ्यावर हल्ली सकाळच्या वेळी समुद्रात उतरणारे गट जागोजागी दिसतात. २०२० साली टाळेबंदीत तरणतलाव बंद पडले, तेव्हा अनेकांनी समुद्राची वाट धरली. तलाव पुन्हा उघडल्यावरही त्यांतले पुष्कळजण समुद्रालाच चिकटून राहिले. आपली मराठी मंडळीही या गटांत दिसतात, याचा आम्हाला आनंदच आहे. कोणी पुढाकार घेतो, रविवारची वेळ ठरते, निरोप जातात आणि पाहता पाहता चौघांचे चाळीस होतात. मग एके दिवशी कोणीतरी विचारते, “आपला विमा आहे का?” प्रश्न योग्य आहे, पण तो पहिला नव्हे, असे आमचे मत आहे.

आधी कायद्याची बाजू पाहू. चार मित्र पोहायला गेले तर प्रत्येकजण आपापल्या जबाबदारीवर जातो. पण गटाला नाव मिळाले, वर्गणी सुरू झाली, “नवशिक्यांनीही यावे” असे आमंत्रण गेले की गोष्ट बदलते. नवखा माणूस त्या नावावर विसंबून पाण्यात उतरतो आणि बोलावणाऱ्यावर वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य येऊ शकते. इंग्लंडमध्ये नोंदणी न केलेल्या मंडळाला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. म्हणून भरपाईचा दावा आलाच, तर तो कार्यकारिणीतील माणसांच्या अंगावर, म्हणजे त्यांच्या घरादारापर्यंत येऊ शकतो.

यासाठीच सार्वजनिक दायित्वाचा विमा हवा. ‘स्विम इंग्लंड’शी संलग्न असलेल्या क्लबांना संलग्नतेबरोबर असे संरक्षण मिळते; इतरांनी ते स्वतंत्रपणे घ्यावे. मात्र कागद घेण्यापूर्वी वाचावा. खुल्या समुद्रातील पोहणे त्यात धरले आहे का? हिवाळ्यात चालते का? एका सभासदाने दुसऱ्यावर दावा केला तर? पाहुणे आणि १८ वर्षांखालील मुले यांचे काय? मंडळाच्या सभागृहासाठी घेतलेला विमा आपोआप समुद्रापर्यंत पोहोचतो, असे कोणीही गृहीत धरू नये.

“स्वतःच्या जबाबदारीवर” असे लिहून सह्या घेणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. धंदा म्हणून उपक्रम चालवणाऱ्याला आपल्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची वा इजेची जबाबदारी अशा कागदाने झटकता येत नाही, हे येथे १९७७ च्या कायद्यानेच ठरवले. हौसेने चालणाऱ्या गटानेही तो कागद ढाल समजू नये. धोक्याची कल्पना दिली होती एवढेच त्यातून दिसते. काळजी घेतली होती हे दिसत नाही.

शिवाय विमा फार तर पैसे देतो. आरोपीच्या पिंजऱ्यात आपल्या जागी उभा राहत नाही. वेल्समध्ये हॅवरफोर्डवेस्ट येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये पुराने फुगलेल्या नदीत पॅडलबोर्डची सहल बंधाऱ्यावरून वाहत गेली आणि चारजण दगावले. सहल नेणाऱ्या कंपनीच्या मालकिणीला २०२५ मध्ये साडेदहा वर्षांची कैद झाली. त्या दिवशी पाण्यात उतरूच नये, एवढा एक निर्णय त्या चौघांना वाचवू शकला असता.

तेव्हा पहिला प्रश्न हा: “आज नको” असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? बहुतेक गटांत तो कोणालाच नसतो. सगळे लांबून आलेले असतात, थर्मासमध्ये चहा भरलेला असतो, मग लाट मोठी असली तरी “जरा डुबकी मारून येऊ” असे होते. प्रत्येक वेळी एका माणसाचे नाव ठरवा. भरती-ओहोटीचे वेळापत्रक, वारा आणि लाटा पाहून त्याने निर्णय द्यावा आणि इतरांनी तो वाद न घालता मानावा. त्याने शक्यतो किनाऱ्यावरच थांबावे. आत गेलेली आणि बाहेर आलेली डोकी मोजावीत, भडक रंगाच्या टोप्या घालायला लावाव्यात आणि फोन हाताशी ठेवावा. संकट आल्यास ९९९ लावून ‘कोस्टगार्ड’ मागावे.

आपल्या लोकांसाठी हे विशेष सांगावे लागते. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस “पाण्यात पडले की पोहता येते” असे सहज म्हणतो. इथले पाणी वेगळे आहे. १५ अंश सेल्सियसखालच्या पाण्यात अंग एकदम बुडाले की श्वास आपोआप जोराने आत ओढला जातो, छाती धडधडते आणि त्याच क्षणी तोंडात पाणी गेले तर पट्टीचा पोहणाराही बुडतो. अशा वेळी हातपाय न मारता उताणे तरंगावे. मिनिटा-दोन मिनिटांत धक्का ओसरतो. ज्यांना हृदयविकार वा रक्तदाब आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाहेर आल्यावरही शरीराचे तापमान काही वेळ उतरतच असते, म्हणून गप्पांआधी कोरडे कपडे घालावेत.

आणि उन्हाळा आहे म्हणून धोका नाही असेही नव्हे. ऑगस्ट २०१६ मध्ये कॅम्बर सँड्सच्या किनाऱ्यावर सहलीला गेलेले, श्रीलंकेतील तमिळ कुटुंबांतले लंडनचे पाच तरुण एकाच दिवशी बुडाले. त्या किनाऱ्यावर तेव्हा जीवरक्षक नव्हते. ते पुढे नेमले गेले. बैल गेला अन् झोपा केला! म्हणून नवख्यांना घेऊन जाताना जीवरक्षक असलेला किनाराच निवडावा आणि लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच उतरावे.

हे वाचून कोणी घाबरून गट बंद करावा, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. जबाबदारीच्या भयाने चांगले उपक्रम बंद पडू नयेत, हा विचार न्यायालयांनी ध्यानात घ्यावा यासाठी इथे २००६ आणि २०१५ साली कायदे झाले आहेत. वाजवी काळजी घेणाऱ्या स्वयंसेवकाला कायदा शत्रू मानत नाही. आमची विनंती एवढीच की मंडळांनी पुढच्या मोसमापूर्वी एक बैठक घ्यावी. त्यात विम्याचा कागद सर्वांसमोर वाचावा. पण त्याआधी किनाऱ्यावर थांबणाऱ्या माणसाचे नाव ठरवावे. ते ठरत नसेल, तर त्या रविवारी चहा घरीच घ्यावा.