वाडा कुणाच्या नावावर?

आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात. चौविहार. मग सासूबाईंबरोबर प्रतिक्रमण, नऊला त्या झोपायच्या, आणि साडेदहा वाजले की मी भूत बघायला बसायचे. यात विसंगती आहे हे मला कुणी सांगायला नको. दिवसभराचे दोष आठवून हात जोडायचे आणि दोन तासांनी अण्णा नाईकांचे दोष मिटक्या मारत बघायचे.

'रात्रीस खेळ चाले' २२ फेब्रुवारी २०१६ला झी मराठीवर सुरू झाली. सुरतेत आमच्या केबलवाल्याला मराठी चॅनल घालायला सांगितलं की तो विचारायचा, "भाभी, तमे तो मारवाडी, मराठी शुं करशो?" त्याला काय सांगणार, की घरात मारवाडी, बाजारात गुजराती आणि डोक्यात मराठी, अशी माझी तीन मजली इमारत आहे. खानदेशात जन्मले, मराठी शाळेत शिकले, जळगावला बी. ए. झाले आणि लग्न होऊन रिंग रोडच्या कापडाच्या धंद्यात येऊन पडले. तीन पर्वं पाहिली. २०१९च्या जानेवारीत दुसरं सुरू झालं तेव्हा तर लिंबायतहून कामाला येणारी बाई सकाळी भांडी घासायच्या आधी कालच्या भागावर बोलायला बसायची. तिच्याकडे आणि माझ्याकडे एकाच गोष्टीवर दोन मतं असण्याची ती एकमेव वेळ, एरवी मी सांगायचं आणि तिने ऐकायचं.

तेव्हा मी मालिका न बघता नाकं मुरडणारी बाई नाही. माधव अभ्यंकरांचे अण्णा बघताना अंगावर काटा यायचा. अपूर्वा नेमळेकरने शेवंता अशी उभी केली की पडद्यावर ती आली की दुसरीकडे बघवायचं नाही. पांडूचं 'इसारलंय' आमच्या घरात अजून चालतं, दूध उतू गेलं की हमखास. मला राग आहे तो वेगळ्याच गोष्टीचा, आणि तो इतकी वर्षं मनात धरून ठेवलाय म्हणून आता लिहिते.

या मालिकेवर टीका खूप झाली. अंधश्रद्धा पसरवतात, ही एक. कोकणची बदनामी करतात, ही दुसरी. माझा इंजिनियर पुतण्या पहिल्या टोळीतला. "काकू, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही हे कसं बघता?" त्याला म्हटलं, अरे, मालिका बघून कुणी भुताला भ्यायला शिकत नाही, माणसं ते आईच्या पोटातून शिकून येतात. आणि आकेरीच्या त्या वाड्याचं म्हणाल तर लोक गाड्या करून बघायला गेले, फोटो काढून आले. घाबरलेली माणसं अशी वागतात होय?

माझं भांडण असं. वाड्यात खरा राक्षस कोण होता? जिवंत अण्णा. बायकोला पायाखाली ठेवणारा, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा, जमिनीसाठी माणसाचा जीव घेताना हात न कापणारा. दुसरं पर्व म्हणजे त्याच्या पापांची वहीच होती, आमच्या मार्केटातल्या खातेवहीसारखी, पानामागून पान. आणि त्या वहीचं झालं काय? अण्णा लोकांचा लाडका झाला. त्याच्या चित्रांवर विनोद लिहून आमच्या फॅमिली ग्रुपवर येऊ लागले. पुरुष मंडळी एकमेकांना 'काय अण्णा' म्हणू लागली आणि म्हणवून घेताना मिशीतल्या मिशीत हसू लागली. शेवंता मात्र? तिचं नाव कुणाला लावलं तर ती शिवी. एकाच पापाचे दोन वाटेकरी, एकाला मिशी आणि दुसरीला शिवी.

माईंचं बघा. शकुंतला नरेंनी केलेली माई मला माझ्या ओळखीच्या पंधरा बायकांमध्ये दिसते. सगळं माहीत असून देवासमोर दिवा लावणारी. या बाईने आयुष्यभर जे सोसलं त्याला 'भयकथा' कुणी म्हटलं नाही. संगीत दचकवायचं ते खिडकीत सावली हलली की. बाई मार खाऊन स्वयंपाकघरात परत आली, तेव्हा नाही.

'नागिन'ची गोष्ट घ्या. २०१५च्या नोव्हेंबरात ती कलर्सवर सुरू झाली आणि आमच्या बिल्डिंगमधल्या यच्चयावत गुजराती बायका शनिवार-रविवारी रात्री फोन उचलायच्या बंद झाल्या. माझी जाऊ त्यांच्यात पुढे. मी तिला चिडवायचे, कसले ते सोनेरी साप आणि कसलं ते कॉम्प्युटरचं जंगल. पण आता वाटतं, तिची शिवन्या निदान स्वतःच्या आई-बापाच्या खुनाचा हिशोब मागायला त्या घरात सून होऊन शिरली होती. सोंग खोटं, पण मागणी खरी. आमच्या मराठीतल्या शेवंताला मेल्यावरसुद्धा त्याच अण्णाच्या शेजारी, त्याच वाड्यात घिरट्या घालायच्या. तिसऱ्या पर्वात तर दोघांची भुतं जोडीने. मरूनही सुटका नाही म्हणजे किती!

मालिकेचं नाव ज्या गाण्यावरून आलं ते 'हा खेळ सावल्यांचा' या १९७६च्या चित्रपटातलं. लहानपणी आम्ही त्यातल्या नरसूच्या भुताला घाबरून अंथरुणात डोकं घालायचो. पण त्या चित्रपटात शेवटी उलगडा होतो तो बाईच्या मनाच्या दुखण्याचा, आणि तिच्याकडे बघायला डॉक्टर येतो. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत आपण डॉक्टरकडून वाड्याकडे चालत आलो, असं म्हणायचं का?

माझी जाऊ म्हणते, "भाभी, टाइमपास आहे हो, इतकं काय मनाला लावून घ्यायचं." मनाला लावून घेण्याचं कारण आहे. पहिल्या पर्वातलं भूत घटकाभर बाजूला काढून ठेवा. उरतं काय? बाप गेला, पोरं जमली, आणि इस्टेटीचं काय यावर घर फुटायला लागलं. सरिता वाट्याबद्दल बोलली की ती हावरट. आणि विधवा होऊन माहेरी राहिलेली छाया, ती सदा करवादणारी, फणकारणारी, बघणाऱ्याला नकोशी वाटेल अशी. ती अशी का झाली असेल, त्या घरात तिचं काय आहे, एवढं विचारायला मालिकेला वेळ नव्हता. तिकडे झाडामागे काहीतरी हललं होतं ना!

मी छायाकडे बघायचे तेव्हा मला माझी आत्या दिसायची.

आत्या लग्नानंतर सहा वर्षांनी विधवा होऊन परत आली. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, म्हणजे आणीबाणी उठून थोडेच दिवस झाले होते. आजोबा होते तोवर ठीक चाललं. ते गेले, तेरा दिवसांनंतर भाऊ वह्या-कागद घेऊन बसले आणि आत्याने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं, "यात माझं काय?" बस. एवढंच. मी तिथे पाटावर बसून शेंगा सोलत होते, म्हणून मला माहीत. कुणी काही बोललं नाही. मोठ्या काकांनी चष्मा काढून पुसला.

मग आत्याला झोप येईना. रात्री अंगणात फिरायची. विहिरीजवळ बसून राहायची. जिला आपल्याच घरात आपलं काहीच नाही असं कळलं, तिला झोप लागेल कशी? पण घराने याचा अर्थ वेगळा लावला. पहिल्यांदा आजी म्हणाली, मग काकू, मग सगळेच, की तिला बाहेरचं झालंय. विहिरीजवळ बसते म्हणजे नक्कीच. गावाबाहेरच्या भगताला आणलं. आम्ही जैन, कांदा-लसूण न खाणारे, मुंगी चुकवून चालणारे. आमच्या अंगणात मिरच्यांची धुरी झाली. मी माळ्यावरून पाहिलं. आत्या खोकत होती आणि भगत विचारत होता, "कोण आहेस तू? बोल, काय पाहिजे?" तिने एकदा सांगितलं होतं की, काय पाहिजे ते! कागद समोर असताना, शुद्धीवर असताना, स्वच्छ मराठीत. तेव्हा कुणाला ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतर वाट्याचा विषय निघाला नाही. भूत लागलेल्या बाईची मागणी म्हणजे भुताची मागणी, ती कोण मनावर घेणार? काकांना दरोडेखोर म्हणायची माझी तयारी नाही, ते सज्जन होते, पाण्याचा थेंब गाळून प्यायचे. १९५६च्या वारसा कायद्याने लेकीला बापाच्या मिळकतीत वारस केलं होतं आणि विधवा लेकीला त्या घरात राहण्याचा हक्क दिला होता. हा कायदा आम्हा जैनांनाही लागू आहे. ते त्यांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही, व्यापारी माणसं होती. आत्या मागच्या खोलीत राहिली आणि १९९१ला तिथेच गेली. संवत्सरीला काका उभ्या गावाला मिच्छामि दुक्कडं म्हणायचे. आत्यालाही म्हणायचे, ताटावर बसण्याआधी, सगळ्यांच्या बरोबर.

आता धर्माचं. पाठशाळेत आम्हाला व्यंतर देवांचे आठ प्रकार पाठ करायला लावायचे. त्यात भूत आहे, पिशाचही आहे, यक्ष, राक्षस, गंधर्व, सगळे आहेत. पण ती जन्माने मिळणारी एक गती. आणि जीवाने देह सोडला की तो तीन-चार समयांच्या आत पुढच्या जन्माला लागतो. समय म्हणजे इतका बारीक काळ की पापणी लवेपर्यंत असंख्य होऊन जातात. मग इच्छा राहिली म्हणून पिंपळावर लोंबकळायला फुरसत कुठली? हां, व्यंतर होऊन मागच्या जन्मीचं वैर आठवणारे आमच्या कथांमध्येही भेटतात, ते लपवत नाही. पण त्या कथेत महाराजसाहेब पहिल्यांदा विचारतात की वैर कशामुळे बांधलं गेलं, कुणी कुणाचं काय घेतलं होतं. पाप करणाऱ्याचं खातं उघडल्याशिवाय ती कथा पुढे सरकत नाही. हे सगळं ऐकत वाढलेल्या घरात भगत आला. तेव्हा कोकणच्या लोकांकडे बोट दाखवायला मला तोंड नाही.

माझी लिंबायतची बाई मूळची नंदुरबारकडची. एकदा शेवंताचा भाग रंगवून सांगता सांगता ती थांबली आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे असं भूत मेल्यावर नाही होत, जित्तेपणी करतात." सातपुड्यातली डाकीण प्रथा तिने जवळून पाहिलेली. कुणाचं पोर आजारी पडलं, कुणाचं ढोर मेलं, की एखादी एकटी बाई डाकीण ठरते, आणि बऱ्याचदा तिच्या नावावर दोन बिघे तरी असतात. डॉक्टर दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ला खून झाला, त्यानंतर महाराष्ट्राने जादूटोणाविरोधी कायदा केला. आमच्या गुजरातला तसा कायदा करायला २०२४चा ऑगस्ट उजाडला. चांगलं झालं. भगताला पोलीस धरतील. पण 'तिला बाहेरचं झालंय' हे पहिल्यांदा ज्या माजघरात कुजबुजलं जातं, तिथे कोण पोचणार?

२०२०च्या ऑगस्टमध्ये दुसरं पर्व संपलं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासून, २००५ला बाप हयात होता की नव्हता याने फरक पडत नाही. आमच्या ग्रुपवर महिनाभर अण्णा-शेवंता चालले होते. या निकालावर एक अक्षर नाही. मी बातमी टाकली तर एका नणंदेने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते होकाराचं की 'माफ करा' म्हणून, मला अजून कळलेलं नाही.

मला अशी मालिका बघायची आहे, जिच्यात तलाठी येतो. उतारा काढतो. त्यावर छायाचं नाव आहे का ते बघतो, आणि तिथे दचकवणारं संगीत वाजतं. हसू नका. महाराष्ट्रात बायकांकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात, इथे गुजरातेत त्याला 'हक कमी' म्हणतात. किती नेमका शब्द! राखीपौर्णिमेच्या आसपास, साडीचोळी देऊन, पेढा भरवून सही घेतली जाते. मला तरी त्याहून भीतिदायक प्रसंग या तीन पर्वांत सापडला नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या भावाचा फोन आला होता. गावचा जुना वाडा विकायचा आहे, गिऱ्हाईक लागलंय, आम्हा दोघी बहिणींच्या सह्या लागतील. धाकटीने पाठवून दिली. मी म्हटलं, कागद पाठव, वाचते, मग बोलू. भाऊ माझा चांगला आहे, हेही लिहून ठेवते. त्याने कागद पाठवले, मी वाचले, आणि विचारलं, "यात माझं काय?" विचारताना माझ्या लक्षात आलं की हे वाक्य मी पहिल्यांदा बोलत नाहीये.

तो काहीच बोलला नाही. फोन वहिनीच्या हातात गेला. तिने तब्येतीची चौकशी केली, झोप लागते का विचारलं. मग फोन ठेवला गेला असं समजून ती त्याला म्हणाली, आणि मला स्पष्ट ऐकू आलं, "ताई हल्ली वेगळ्याच वागतात, नाही?"