विसंगतीचा उलगडा

स्पर्धापरीक्षांस बसणारीं मुलें आज बहुतेक घरांत आहेत. त्यांच्या तर्काच्या प्रश्नांत एक प्रकार असा असतो कीं, परस्परांशीं न जुळणाऱ्या दोन गोष्टी सांगावयाच्या व कोणत्या पर्यायानें त्यांची विसंगति उलगडते तें विचारावयाचें. चांगलीं हुशार मुलें येथें फसतात. कारण दोहोंपैकीं एक गोष्ट खोटी पाडावयास तीं धांवतात. वास्तविक दोन्ही खऱ्याच मानावयाच्या, आणि त्यांस एकत्र नांदवील अशी तिसरी गोष्ट शोधावयाची असते. असें एक खरोखरीचें कोडें आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत सूतिकागृहाचे दोन विभाग होते. पहिल्यांत वैद्यकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यांत सुइणी. कोणत्या बाईस कोठें घ्यावयाचें तें वारावर ठरे. १८४६ सालीं पहिल्या विभागांत शेंकडा ११.४ बाळंतिणी दगावल्या, दुसऱ्यांत शेंकडा २.८, आणि बहुतेक सूतिकाज्वरानें. शास्त्र शिकलेल्यांच्या हातीं मृत्यु अधिक, सुइणींच्या हातीं कमी! दुसऱ्या विभागांत घ्या म्हणून बायका गयावया करीत.

कारण काय असावें? शहराची हवा म्हणावी, तर ती दोहोंकडे एकच. गर्दी म्हणावी, तर ती दुसऱ्याच विभागांत अधिक. दैवाचें नांव घ्यावें, तर तें वार पाहून दार निवडीत नाहीं. जें दोन्हीकडे सारखें, तें फरकाचें कारण होऊं शकत नाहीं; ह्या चाळणींतून बहुतेक पर्याय गळून पडतात. जे उरतात, ते मात्र पारखूनच घ्यावे लागतात. मरणोन्मुख रोग्याकडे निघालेला धर्मगुरु पहिल्या विभागांतून घंटा वाजवीत जाई. त्या भीतीनें बायका खचतात, असें कोणी म्हणे. तेथील साहाय्यक डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस ह्यांनीं ती घंटाहि थांबवून पाहिली. मृत्यु थांबले नाहींत.

मार्च १८४७ मध्यें त्यांचे स्नेही कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळीं बोटास सुरी लागून वारले, आणि त्यांच्या देहांत सूतिकाज्वराचींच चिन्हें आढळलीं. विद्यार्थी शवागारांतून थेट बाळंतिणींकडे येत. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. तिसरी गोष्ट ती हीच. दोन्ही आंकडे जसेच्या तसे राहिले आणि विसंगति मात्र नाहींशी झाली. मे महिन्यापासून क्लोरीनच्या द्रावणानें हात धुणें सक्तीचें झालें. १८४८ सालीं पहिल्या विभागांत मृत्यु शेंकडा १.२७ झाले, दुसऱ्यांत १.३३.

मुलांस हें कोडें घालतांना शवागाराचा उल्लेख आधीं करूं नये. उलट ‘पहिल्या विभागांतील डॉक्टर अधिक विद्वान होते’ असा एक पर्याय मुद्दाम मिसळावा. तो खराहि असेल. परंतु त्यानें गांठ सुटत नाहीं, अधिकच आवळते. परीक्षक अशाच पर्यायांवर भिस्त ठेवितात.