किल्ली कुणाच्या नावावर?

मैत्रिणींनो, केंद्रात आलेली बाई बोलायला लागण्याआधी विचारते, "हे बाहेर जाणार नाही ना?" आपण शब्द देतो. पूर्वी तो शब्द लोखंडी कपाटात राहायचा, आता लॅपटॉपमध्ये.

गेल्या पावसाळ्यात आमचा लॅपटॉप बंद पडला. दुरुस्तीवाल्याने मदरबोर्ड बदलला. यंत्र सुरू झाले ते निळ्या पडद्यावर ४८ आकड्यांची 'रिकव्हरी की' मागत. ती कुणाकडेच नव्हती. कुलूप लागले आहे हेच आम्हांला माहीत नव्हते!

विंडोज ११ साठी (२०२१) लॅपटॉपमध्ये टीपीएम ही सुरक्षेची चिप असावीच लागते. डिस्कवरचा मजकूर सांकेतिक होतो आणि त्याची किल्ली ही चिप राखते. यंत्र ओळखीचे वाटले तरच ती किल्ली सोडते. बोर्ड बदलला, कधी बायॉस अद्ययावत केले, की अडून बसते. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावूनही उपयोग नाही. २०२४ च्या आवृत्तीपासून, विंडोज नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले, की बहुतेक यंत्रांवर हे कुलूप आपोआप लागते आणि रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते.

पण खाते कुणाचे? आमच्या लॅपटॉपवर एका जुन्या कार्यकर्तीच्या भावाचे होते. त्यानेच तो चालू करून दिला होता. त्याचा फोन नंबर बदललेला, पासवर्ड आठवेना. जबाब, २००५ च्या कायद्याखालचे अर्ज, सगळे अडकले. बायांना पुन्हा बोलावून तेच सांगायला लावावे लागले. एकीने नकार दिला. तिचे काय चुकले?

कुलूपच काढून टाका, असे काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. लॅपटॉप चोरीला गेला तर हेच कुलूप बायांना वाचवते. (घरात पासवर्ड माहीत असेल तर मात्र ते कुचकामी.) माझी तक्रार वेगळी आहे: न विचारता कुलूप लावायचे आणि किल्ली तिऱ्हाइताच्या खात्यात टाकायची. म्हणजे आपण बाहेर, आणि लॅपटॉप हाती लागला तर तो आत! घर, जमीन, गॅसजोडणी कुणाच्या नावावर, हे आपण विचारतोच. हेही विचारायला हवे.

पुढच्या बैठकीत लॅपटॉप घेऊन बसा. शोधपट्टीत 'बिटलॉकर' इंग्रजीत टाइप करा. काही दिसले नाही तर खात्यात रिकव्हरी की आहे का पाहा. खाते संस्थेचे करा. आकडे कागदावर उतरवा, कपाटात ठेवा, लॅपटॉपच्या पिशवीत नको. फाइलींची दुसरी प्रतही हवी, कारण डिस्कच गेली तर किल्ली असून काय करणार? आमचा कागद आता पाकिटात बंद आहे, वर दोघींच्या सह्या.