आधी टायर बघा



जुनी ऑल-व्हील-ड्राइव्ह डस्टर पावसात आंबोली घाटात मागून घसरते, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारे कपलिंगच गेले, हे मागील अंकातल्या पत्राचे निदान मला पटले नाही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी चिखलातून निघते, निसरडा चढ चढते. ब्रेक दाबल्यावर मात्र सगळी भिस्त टायरच्या पकडीवर. पत्रलेखकांनी नवे टायर पुढे घातले आणि जुने मागे ठेवले; माझा पहिला संशय तिथेच आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या वळणावर मागची बाजू आधी सुटते. टायरच्या कडेवरचे तारखेचे चार आकडे वाचा. २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिमी असली, तरी घाटातल्या पावसाला ती पुरत नाही.

मग हवा, मागचे बुश, चारही चाकांची अलाइनमेंट. कपलिंगची शंका उरलीच, तर मोकळ्या मातीवर ड्राइव्ह-मोडचा नॉब 'लॉक'वर ठेवून गाडी हळू काढा आणि मागची चाके जोर लावतात का, हे बाहेर उभ्या माणसाला पाहू द्या.

एवढे केल्याशिवाय कृपया कपलिंगवर खर्च करू नका.

– एक वाचक, सावंतवाडी