उशीखालची करंजी

‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’ अनेक वृद्धाश्रमांत हा फलक दर्शनी भागात असतो. कारण विचारले, की रहिवाशांच्या तब्येतीकडे बोट दाखवले जाते. पण मनाईने डबा यायचा थांबत नाही. दिवाळीत लेक भेटायला येते, पर्समधून ओल्या नारळाच्या चार करंज्या काढते आणि “आई, कुणाला दाखवू नकोस गं,” असे बजावून जाते. आई एक खाते. उरलेल्या तीन रुमालात गुंडाळून उशीखाली जातात. खाल्ल्या जातात दोन दिवसांनी.

ओल्या नारळाचे सारण बाहेर टिकत नाही. खव्याचे तेच. भाताचे तर आणखी वाईट. भात शिजला तरी काही जिवाणूंचे बीजाणू त्यात जिवंत राहतात. तो तासन्‌तास बाहेर राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष भात पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. तरुण माणूस रात्रभर उलट्या करून दुसऱ्या दिवशी उभा राहतो. ऐंशीच्या घरातल्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्या आजींच्या अंगातले पाणी कमी झाले, तर त्या रुग्णालयात पोचतात. म्हणजे संस्थेची भीती खरी आहे. इलाज मात्र चुकला आहे. उघडपणे आलेला डबा निदान कुणाच्या नजरेखाली राहिला असता. चोरून आलेला कुणालाच दिसत नाही.

अमेरिकेने याच प्रश्नाचे उत्तर 2016 साली नियमात लिहिले. मेडिकेअर किंवा मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक नर्सिंग होमकडे, नातेवाइकांनी आणलेले अन्न कसे ठेवायचे, कसे हाताळायचे आणि कसे खायला द्यायचे याचे लेखी धोरण असलेच पाहिजे. संस्थेबाहेरून आलेले अन्न खाण्याचा रहिवाशांचा हक्कही त्याच नियमावलीत अबाधित ठेवला आहे. नियम संस्थेला बांधतो, डबा आणणाऱ्या लेकीला नाही.

आपल्याकडे हे अवघड नाही. रहिवाशांच्या खाण्यासाठी वेगळा छोटा फ्रीज हवा. त्यात इन्सुलिन नको आणि कर्मचाऱ्यांचे दूधही नको. आत तापमापक हवा आणि पारा 5 अंशांच्या वर जाता कामा नये. प्रत्येक डब्यावर नाव, खोली आणि आणल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी. मधुमेह असलेल्यांचे आणि गिळायला त्रास होणाऱ्यांचे डबे आधी परिचारिकेने पाहावेत. मुदत उलटलेले अन्न रोज सकाळी काढून टाकावे, तेही ज्याचा डबा त्याला सांगून. हे काम कुणाचे, ते नावानिशी ठरलेले हवे. खरी अडचण इथेच आहे. फलक एकदा लावला की काम संपते. फ्रीज रोज पाहावा लागतो.

उठायचे कधी, जेवायचे कधी, दिवा मालवायचा कधी, हे सारे वृद्धाश्रमात दुसरेच ठरवतात. घरच्या चवीचा एक घास ही माणसाच्या हाती उरलेली थोडकी निवड आहे. ती सुरक्षित करणे हे संस्थेचे काम आहे, काढून घेणे नव्हे. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी म्हणूनच स्वयंपाकघर पाहून परत फिरू नये. घरून आलेले खाणे कुठे ठेवता, हे विचारावे. ‘आम्ही आणूच देत नाही’ असे उत्तर आले, तर ती संस्था त्या मुद्द्यावर नापास धरावी.